औषधाची परीक्षा आणि आपली संमती

‘मोठ्या इस्पितळात गरिबांवर प्रयोग करतात,’ हे वाक्य आपल्याकडे गावोगाव ऐकू येते. बोलणारा आवाज खाली आणून बोलतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि पुढे कोणी काही विचारत नाही. ह्या वाक्यात खरे किती, भीतीचे किती आणि अज्ञानाचे किती, ह्याचा आज आपण थोडा विचार करू.

हा विचार आपल्या दारापासून दूरचा नाही. वसई तालुक्यातले जूचंद्र गाव घ्या. रांगोळीसाठी आणि डोंगरावरच्या चंडिका देवीसाठी नावाजलेले हे गाव आज वसई-विरार महानगरपालिकेत आहे. दुखणे साधे असले तर माणूस जवळच्या डॉक्टरकडे जातो. बळावले की नायगावला गाडी पकडून मुंबई गाठतो. अशा मोठ्या रुग्णालयात एखाद्या दिवशी डॉक्टर कागदांचा एक जुडगा पुढे करतात आणि म्हणतात, “आमच्याकडे एका औषधाचा अभ्यास चालू आहे. तुमच्या वडिलांना त्यात घ्यावे असे आम्हाला वाटते. तुमची तयारी आहे का?” मुलगा गोंधळतो. घरी फोन जातो. घरचे म्हणतात, गुरुजींना विचार. आणि गुरुजींपुढे प्रश्न येऊन पडतो: सही करायला सांगू की नको म्हणू?

ह्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. पण उत्तर शोधायची रीत आहे, आणि ती शिकायला डॉक्टर असावे लागत नाही.

प्रथम हे पाहू, की औषधाची परीक्षा मुळात लागतेच कशाला? औषध दिले, माणूस बरा झाला, म्हणजे औषध लागू पडले. ह्याहून आणखी पुरावा तो काय हवा?

विंचवाचेच उदाहरण घेऊ. विंचू चावला की पूर्वी लोक भगताकडे धावत. भगत मंत्र म्हणे, पाला चोळी, राख लावी, आणि बहुतेकांचा विंचू उतरे. उतरे हे खोटे नाही बरं का. मग मंत्राने उतरे का? तर नाही. पुष्कळशा दंशांत विष थोडेच अंगात जाते. ठणका भयंकर असतो, रात्रभर जीव नकोसा होतो, पण दुसऱ्या दिवशी तो आपोआप ओसरतो. काळी इंगळी दिसायला अक्राळविक्राळ, पण तिच्या विषाने जीव जाण्याची भीती कमी. म्हणजे दहांतले पुष्कळ जण भगत नसता तरी बरे झाले असते. श्रेय मात्र भगताच्या पदरात पडे. जो मेला त्याच्याविषयी ‘उशीर झाला’ किंवा ‘नशीब’ असे म्हणून लोक गप्प बसत.

हीच चूक डॉक्टरच्या हातूनही होऊ शकते. रोगी आपोआप बरा होत असेल आणि डॉक्टरने त्याच वेळी गोळी दिली असेल, तर गोळीला उगीच मान मिळतो. म्हणून ‘औषध घेतले आणि बरा झाला’ एवढे पुरत नाही. ‘न घेतलेल्यांचे काय झाले?’ हा दुसरा प्रश्न विचारावाच लागतो. सगळी वैद्यकीय चाचणी ह्या दुसऱ्या प्रश्नावर उभी आहे.

शेतकऱ्याला हे पटवायला नको. नवे खत आले तर शहाणा शेतकरी ते सगळ्या शेतात टाकत नाही. एका खाचरात टाकतो, शेजारचे तसेच ठेवतो आणि सुगीला दोन्ही खाचरांचे भात वेगवेगळे मापतो. पण इथेही एक खोच आहे. बांधाखालच्या चांगल्या ओलाव्याच्या खाचरात खत टाकले आणि माळावरचे खडकाळ खाचर तसेच ठेवले, तर जास्त पिकले ते खताने की जमिनीने? हा घोळ कसा टाळावा, ह्याचा विचार इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर ह्या गणितज्ञाने १९२० नंतरच्या दशकात केला. त्याचे म्हणणे असे की कुठल्या तुकड्याला खत द्यायचे हे माणसाने आपल्या मनाने ठरवूच नये, चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या आरक्षणाची चिठ्ठी शाळेतल्या लहान मुलाच्या हाताने काढतात ना? कुणाची मर्जी मध्ये येऊ नये म्हणून. तत्त्व तेच.

शेतातली ही चिठ्ठी पुढे रुग्णालयात आली. ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन ह्या क्षयावरच्या औषधाची चाचणी अशा पद्धतीने झाली आणि १९४८ साली तिचा निकाल छापून आला. भारतानेही वेळ घालवला नाही. १९५६ साली मद्रासला क्षयाच्या उपचाराचे केंद्र सुरू झाले. त्या काळी क्षयाच्या रोग्याला महिनोन्महिने आरोग्यधामात ठेवावे, सकस अन्न आणि विश्रांती द्यावी, अशी समजूत होती. पण आरोग्यधामात खाटा होत्या किती आणि रोगी किती! मद्रासच्या डॉक्टरांनी रोग्यांचे चिठ्ठीप्रमाणे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात औषध दिले, दुसऱ्याला घरी राहून. १९५९ साली निकाल छापला गेला तो असा, की औषध नेमाने घेतले तर घरचा रोगीही जवळजवळ तितकाच बरा होतो, आणि त्याच्यामुळे घरच्यांना रोग अधिक लागतो असेही दिसत नाही. आज क्षयाचा रोगी आपल्या घरी राहून औषध घेतो, कामाला जातो, त्याच्या मुळाशी ही चाचणी आहे.

आता आपल्या कोकणातली गोष्ट ऐका. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात बिरवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. ते मूळचे मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यातले. त्यांच्याकडे विंचू चावलेले रुग्ण येऊ लागले. कोणी लाकडे उचलताना चावलेला, कोणी भात झोडताना, कोणी पायताणात पाय घालताना. आणि हा विंचू काळी इंगळी नव्हे, तर कोकणातला लहानसा लाल विंचू. काही रुग्णांना ठणका फारसा नसे, पण अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, वांत्या, हातपाय बर्फासारखे गार. मग धाप लागे, तोंडातून फेस येई आणि चांगले धडधाकट पोर काही तासांत जाई.

डॉ. बावस्करांनी मोठे यंत्र नसताना जे करता येते ते केले. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास ह्यांची तासातासाला नोंद ठेवली. संशोधनाची सुरुवात अशीच होते. ह्या नोंदींवरचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. नोंदींतून चित्र असे दिसले. विषामुळे शरीरातल्या मज्जातंतूंतून एक प्रकारची उत्तेजक द्रव्ये भसाभसा बाहेर पडतात. त्यामुळे सगळीकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो, आणि हृदय थकले की फुप्फुसांत पाणी साचते. म्हणजे माणूस ठणक्याने मरत नव्हता, हृदय हरल्यामुळे मरत होता.

रोग कुठे आहे हे कळले की औषध कुठे शोधावे हेही कळते. आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करणारी प्राझोसिन नावाची एक स्वस्त गोळी रक्तदाबासाठी आधीच बाजारात होती. ती त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि तो अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच मांडला. त्यांच्या नोंदींप्रमाणे गंभीर रुग्णांमध्ये पूर्वी शंभरांत तीसाच्या आसपास मृत्यू होत. ही गोळी आल्यावर ते प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास आले. पुढे २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

पण श्रोतेहो, खरी शिकवण ह्याच्या पुढेच आहे. इतके यश मिळाल्यावर एखादा म्हणाला असता, झाले, आता आणखी काय तपासायचे? दरम्यान विंचवाच्या विषावरची प्रतिविषाची लस मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होऊ लागली होती. सापाच्या विषावर जशी लस, तशीच ही. आता दोन मते झाली. कोणी म्हणे, गोळी पुरेशी आहे, लसीचा खर्च आणि तिची रिअॅक्शन कशाला? कोणी म्हणे, गोळी फक्त विषाचा परिणाम आवरते, विषाला मारते ती लसच. दोन्ही बाजूंना अनुभवी डॉक्टर. मग निवाडा कोणी करायचा?

निवाडा चिठ्ठीने केला. महाडच्या बावस्कर रुग्णालयात विंचूदंशाच्या सत्तर रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांच्या अंगात विष भिनल्याची चिन्हे होती, पण हृदय-फुप्फुस अजून बिघडले नव्हते, असेच रुग्ण तिच्यात घेतले. चिठ्ठीच्या तत्त्वाने पस्तीस-पस्तीस जणांचे दोन गट केले. एका गटाला फक्त गोळी, दुसऱ्याला गोळी आणि लस दोन्ही. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कोणालाही उपचाराविना ठेवले नाही. जी गोळी उपयोगी म्हणून ठाऊक होती ती सगळ्यांनाच मिळाली. शंका जिच्याविषयी होती ती लस, म्हणून चिठ्ठी फक्त लसीपुरती.

दहा तासांनी कोण पूर्ण सावरले हे पाहायचे, असे आधीच ठरवले होते. निकाल असा लागला: लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या पस्तीसांपैकी बत्तीस जण दहा तासांत सावरले. नुसती गोळी मिळालेल्या पस्तीसांपैकी आठ. पहिल्यांना बरे व्हायला सरासरी ८ तास लागले, दुसऱ्यांना जवळजवळ १८. हा अहवाल २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. आपल्या तालुक्याच्या गावातल्या एका रुग्णालयात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जगभरच्या डॉक्टरांनी वाचले.

ह्या चाचणीला मर्यादाही होत्या. रुग्ण सत्तरच, रुग्णालय एकच, आणि कोणाला काय दिले हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. काही चाचण्यांत तेही लपवतात. दुसऱ्या गटाला औषध नसलेली, पण दिसायला हुबेहूब तशीच गोळी देतात, म्हणजे मनाचा कौल निकालात मिसळत नाही. पण तसे केव्हा करता येते? जेव्हा त्या रोगावर खात्रीचा उपचार नसतो, किंवा खात्रीचा उपचार दोन्ही गटांना मिळतच असतो, तेव्हा. माहीत असलेले औषध रोग्यापासून लपवून ठेवून चाचणी करणे हा अन्याय आहे.

जाता जाता एक सूचना. विंचू चावल्यावर घाम, वांत्या आणि गार हातपाय दिसले, तर भगताकडे किंवा घरगुती उपायांत वेळ न दवडता आरोग्य केंद्र गाठा. आणि रक्तदाबाची ही गोळी आपल्या मनाने घरी मुळीच घेऊ नका. ती डॉक्टरच्या नजरेखालीच घ्यायची आहे.

चाचणीचा निकाल नेहमी ‘होय’ असाच येतो असे नाही, आणि ‘नाही’ हे उत्तरही तितकेच मोलाचे असते. करोनाच्या साथीत बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा दुसऱ्या रुग्णाला द्यायची लाट आली होती. प्लाझ्मासाठी नातेवाईक रात्ररात्र वणवण करीत, जवळचे पैसे मोजीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. रोग बळावणे किंवा मृत्यू येणे ह्याचे प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत शंभरांत १९ आणि न मिळालेल्यांत शंभरांत १८ निघाले. म्हणजे फरक नाही. मे २०२१ मध्ये सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा काढला गेला. त्या ४६४ जणांनी ‘हो’ म्हटले नसते तर ही वणवण आणखी किती दिवस चालली असती, कोण जाणे.

आता भीतीच्या बाजूकडे वळू. ‘गरिबांवर प्रयोग करतात’ हे वाक्य हवेतून आलेले नाही. संशोधनाच्या नावाखाली लोकांना अंधारात ठेवल्याची उदाहरणे जगात आहेत, आपल्या देशातही आहेत. २००९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोदा जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस शाळकरी मुलींना देण्याचा एक अभ्यास-प्रकल्प सुरू झाला. २०१० मध्ये तो थांबवावा लागला. चौकशीत निघाले ते असे: आश्रमशाळांतल्या, वसतिगृहांतल्या मुलींच्या आईबापांची संमती न घेता कित्येक संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ साली आपल्या अहवालात ह्यावर कडक ताशेरे ओढले. त्या काळात झालेले मुलींचे मृत्यू लसीमुळे झाले असे चौकशीत ठरले नाही, आणि ही लस पुढे जगभर वापरली गेली आहे. दोष होता संमतीचा. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे उदाहरण मुद्दाम आपल्यासाठी सांगितले. वर्गातल्या मुलाची हजेरी आपण मांडतो, पण त्याच्या शरीराविषयीची संमती आपण देऊ शकत नाही. ती आईबापांचीच. आणि मूल कळते झाले असेल, तर त्यालाही समजावून विचारायचे असते.

अशा प्रकारांनंतर कायदा कडक झाला. आज आपल्याकडे ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम, २०१९’ लागू आहेत. त्यातले आपल्या उपयोगाचे तेवढे सांगतो.

प्रत्येक चाचणीला नीतिसमितीची मान्यता लागते. ह्या समितीत निदान सात जण असतात. त्यांत फक्त डॉक्टर असून चालत नाही. एक कायद्याचा जाणकार, निदान एक स्त्री आणि एक तुमच्या-आमच्यासारखा सामान्य माणूस असावा लागतो. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली असून इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. कोणती चाचणी, कुठल्या रुग्णालयात, जबाबदार डॉक्टर कोण, हे त्यात असते.

माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावे लागते आणि त्याची व संमतिपत्राची प्रत त्याच्या हातात ठेवावी लागते. रुग्णाला वाचता येत नसेल, तर समजावून सांगण्याच्या सगळ्या वेळी एक तटस्थ साक्षीदार हजर लागतो आणि त्याचीही सही लागते. नुसता अंगठा उमटवून घेणे पुरत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि इजा किंवा मृत्यू चाचणीमुळेच झाल्याचे ठरले तर भरपाईही द्यावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे: रुग्ण ‘नाही’ म्हणू शकतो. आज ‘हो’ म्हणून उद्याही ‘नाही’ म्हणू शकतो. त्यामुळे त्याचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.

तर मग, फोनवर सल्ला विचारला गेला तर गुरुजींनी काय सांगावे? माझ्या मते, सही करा किंवा करू नका हे सांगू नये. त्यांनी आधी काही प्रश्न विचारायला शिकवावे. ह्या रोगावर आज ठरलेला उपचार कोणता, आणि चाचणीत गेलो तर तो मिळत राहील का? नव्या औषधाने काय अपाय होऊ शकतो? मला कोणते औषध मिळणार हे चिठ्ठीने ठरणार आहे का? किती वेळा यावे लागेल, आणि गाडीभाडे, बुडालेली मजुरी ह्याचे काय? रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? नीतिसमितीचा नंबर कागदावर आहे का? आणि शेवटचा प्रश्न: हा कागद घरी नेऊन, चारचौघांना दाखवून, मग उत्तर दिले तर चालेल का?

चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न आवडतात. वेळ नाही, लवकर सही करा, असे कोणी घाई करून म्हणू लागला, आणि रुग्ण काही अत्यवस्थ नसला, तर थोडे थांबलेले बरे.

एक गैरसमज दोन्ही बाजूंचा आहे, तो जाता जाता दूर करतो. चाचणीत गेल्याने आपल्याला नवे आणि भारी औषध फुकट मिळते असे काहींना वाटते. तसे धरून चालू नये. नवे औषध जुन्यापेक्षा सरस आहे हे आधीच ठाऊक असते, तर चाचणी लागलीच नसती. तिथे जाणारा माणूस काही अंशी स्वतःसाठी जातो आणि काही अंशी पुढच्या, अनोळखी रोग्यासाठी जातो. हे दान आहे. आणि दान हे समजून-उमजून, आपल्या मर्जीने केले तरच दान. हिसकावून घेतले तर त्याला दुसरे नाव आहे.

महाडच्या त्या सत्तर जणांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांतले कोणी शेतावर गेले असतील, कोणी शाळेत. पण आज कोकणातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात, विंचू चावलेल्या पोराला कोणती गोळी द्यावी आणि लस केव्हा टोचावी हे डॉक्टर न अडखळता ठरवू शकतो, त्यात त्या सत्तर जणांचा वाटा आहे. इस्पितळातल्या अभ्यासाला आंधळेपणाने होकार देऊ नये, आणि आंधळेपणाने नकारही देऊ नये. विचारावे, समजून घ्यावे, घरी बोलावे आणि मग ठरवावे.